घरात कार्य काढलेल्या यजमानांना भटारखान्यातून खुले पत्र

यजमान मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

तुळशीची लग्नं लागली की आमचे फोन वाजू लागतात, आणि बहुतेक फोनांवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पानाला काय भाव?" भाव सांगायला आमची ना नाही. पण ज्या घरचं कार्य नीट पार पडतं, त्या घरचा माणूस भाव विचारायच्या आधी तीन गोष्टी सांगून टाकतो. मुहूर्त किती वाजताचा, जागा कुठली आणि माणसं खरोखर किती. घासाघीस करणारं गिऱ्हाईक आम्हाला चालतं. आकडा लपवणारं चालत नाही. हे पत्र मुख्यतः त्या आकड्याबद्दल आहे.

आमच्या भाषेत एक जेवणारा म्हणजे एक पान, मग तो पाटावर बसून जेवो की हातात ताट घेऊन उभ्यानं. आता नेहमीचा प्रकार बघा. घरातला खरा अंदाज असतो ४०० पानांचा. आम्हाला सांगितलं जातं ३००. कारण कुणीतरी मोठ्या भावानं कानमंत्र दिलेला असतो, की केटरर दहा टक्के जास्तच करतो, वर आलेच चार तर तो काय उपाशी ठेवणार आहे? इकडे आमच्यातला मुरलेला माणूस तुमच्या बोलण्यावरून ओळखतो की आकडा दाबलाय. तो गुपचूप ३४० चा माल भरतो. दोघंही एकमेकांना न सांगता एकमेकांचं गणित दुरुस्त करत बसतात, आणि सव्वादोन वाजता काउंटरवरचा भात संपतो.

माल कमी पडतो तेव्हा काय होतं तेही उघड सांगून टाकू. सगळ्यात आधी गोड संपतं. श्रीखंडाचा मोठा डाव बदलून लहान चमचा येतो. मग रश्शात गरम पाणी जातं, मठ्ठा पातळ होतो. वरण वाढवता येतं, पण भात नव्यानं टाकला तर पाऊण तासाशिवाय हाती लागत नाही. तोवर कोण उभं असतं? पाहुणे तर जेवून, आहेर देऊन, पार्किंगमधून गाडी काढत असतात. ताटकळत राहतात ती तुमचीच माणसं: करवल्या, पाहुण्यांची सरबराई करणारे चुलतभाऊ आणि सकाळपासून चहावर असलेली नवरीची आई.

उलट टोकाची घरंही आहेत. प्रतिष्ठेपायी ६०० सांगायचे, यायचे ३८०, आणि मग "जेवले तेवढ्यांचेच पैसे देऊ". ६०० पानांचा माल भरला गेलेला असतो, चाळीस माणसांची मजुरी ठरलेली असते. ते पैसे कुणाच्या तरी खिशातून जाणारच.

मग खरा आकडा काढायचा कसा? पत्रिका मोजून काढू नका. "सहकुटुंब सहपरिवार" छापलेल्या एका पत्रिकेवर एक माणूस येतो, कधी नऊ येतात. वही घ्या, घरांची नावं लिहा, पुढे तीन रकाने आखा. पहिल्यात नक्की येणारी माणसं, दुसऱ्यात येतीलसं वाटतं ती, तिसऱ्यात ज्यांना पत्रिका दिली नाही तर वाईट वाटेल म्हणून दिलेली. पहिला रकाना पूर्ण धरा, दुसऱ्याचा अर्धा, तिसऱ्याचा दहावा हिस्सा. मधल्या वारी दुपारचा मुहूर्त असेल तर ऑफिसातली माणसं दुसऱ्या रकान्यातून काढून तिसऱ्यात टाका. तीच माणसं संध्याकाळच्या रिसेप्शनला मात्र पहिल्या रकान्यात जातात. दुसऱ्या बाजूची माणसं किती, हे विचारताना "तुमच्याकडचे किती?" असं विचारू नका, उत्तर गोलमाल मिळतं. "गाड्या किती येणार?" असं विचारा. एक बस म्हणजे पन्नास, एक ट्रॅव्हलर म्हणजे सतरा, बाकी मोटारी चार-पाचनं गुणा. गाडी भाड्यानं ठरवलेली असते, त्यामुळे तो आकडा खोटा निघत नाही.

शिवाय एक रकाना बहुतेकांच्या वहीत नसतोच. फोटो-व्हिडिओवाले पाच-सहा, बँड नाहीतर डीजे, ब्यूटिशियन आणि तिची मदतनीस, गुरुजी दोन, बसचे ड्रायव्हर-क्लीनर, सजावटवाले. सहज वीस-पंचवीस पानं होतात. ती जेवणारच, जेवायलाच हवीत. फक्त ती कुणाच्या हिशेबात, हे आधी बोला. आमची स्वतःची माणसं, म्हणजे वाढपी, आचारी आणि भांड्याच्या मावशी, तुमच्या हिशेबात कधीच धरायची नाहीत. कुणी धरत असेल तर त्याला तिथेच अडवा. मुलांचंही ठरवून टाका: पाच वर्षांखालची मोजायची नाहीत, पाच ते दहा अर्धं पान, अशी रीत बरीच ठिकाणी आहे. पण "रीत आहे" म्हणून गृहीत धरू नका, कागदावर घ्या.

अंदाज पंधरा दिवस आधी द्या, तो दहा टक्के इकडेतिकडे झाला तरी आम्ही ओरडत नाही. पक्का आकडा मात्र तीन दिवस आधी हवा. तीनच का? श्रीखंडाचं उदाहरण घ्या. १०० पानांना सात-आठ किलो श्रीखंड लागतं. त्याला साधारण चार किलो चक्का आणि जवळजवळ तेवढीच साखर. चार किलो चक्क्याला बारा-तेरा लिटर दूध विरजावं लागतं, ते टांगून रात्रभर निथळावं लागतं. डेअरीवाला लग्नसराईत आदल्या दिवशीची ऑर्डर घेतच नाही. म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी "अजून शंभर धरा हं" असा फोन आला की त्या शंभरांना मिळणारं श्रीखंड बाजारचं डब्यातलं असतं, किंवा आधीच्या चारशेंच्या वाटणीतून काढलेलं असतं. भाजी वाढवता येते, तांदूळ वाढवता येतो. चक्का, पनीर, खवा आणि माणसं एका रात्रीत वाढत नाहीत.

आता ताटं मोजायची भांडणं. दर लग्नसराईत सगळ्यात जास्त शिव्या या मुद्द्यावर खर्ची पडतात. आमच्या धंद्यात ताटं फुगवणारे आहेत, हे आम्ही नाकारत नाही. धुतलेली ताटं गुपचूप पुन्हा काउंटरवर आणून गोंधळ करायचा, आणि शेवटी तोंडी आकडा फेकायचा. यावर उपाय सोपा आहे. जेवण सुरू व्हायच्या आधी तुमच्याकडचा एक माणूस आणि आमचा मुकादम, दोघांनी मिळून काउंटरवरची ताटं पंचवीस-पंचवीसच्या थप्प्यांनी मोजायची. समजा ४५० मांडली. धुतलेलं ताट परत काउंटरवर येणार नाही, आलं तर पुन्हा पंचवीसच्याच थप्पीनं, चिठ्ठीवर लिहून. शेवटी उरलेली मोजायची आणि वजाबाकी करायची. दोघांनी चिठ्ठीवर सही करायची, तीही दर तासाला. शेवटी एकदाच सही घ्यायला गेलं की तुमचा माणूस पाठवणीत रडत असतो. बुफेत काही जण दुसरं ताट उचलतातच: पहिलं कुठंतरी ठेवून गप्पा मारायला गेले, परत आले तोवर मावशींनी उचललं. त्यासाठी एकूण ताटांतून शेकडा तीन-चार वजा करायचे, असं आधीच ठरवलेलं बरं. पंगतीत हा प्रश्न येत नाही. पाट गुणिले पंगती, संपलं.

पंगतीचा विषय निघालाच आहे तर त्याचंही गणित करू. हल्ली हौसेनं पंगत मागणारी घरं वाढली आहेत, आम्हाला आनंदच आहे. पण शंभर पानांची एक पंगत वाढून, जेवून उठायला चाळीस मिनिटं घेते. खरकटं काढून, पुसून, पुन्हा पानं मांडायला दहा. चारशे माणसं म्हणजे चार पंगती, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असेल तर शेवटची पंगत उठेपर्यंत चार वाजतात, आणि कार्यालय बहुतेक ठिकाणी पाचला सोडायचं असतं. शंभर पानांच्या पंगतीला आठ-दहा वाढपी लागतात. ते पाचांवर आणले तर पहिल्या ओळीला दुसऱ्यांदा वरण येईपर्यंत शेवटच्या ओळीला मीठच पोचलेलं नसतं. म्हणून पंगत हवी असेल तर माणसं दीडशेच्या आत ठेवा, नाहीतर वयस्कांसाठी एक पंगत आणि बाकीच्यांना बुफे असं करा. बुफेलाही वेळ लागतोच. दोन्ही बाजूंनी वाढलं जाणारं एक काउंटर पाऊण तासात दीडशे माणसं काढतं. चारशेंना तीन काउंटर लागतात. स्टेजसमोर सेल्फी पॉइंट हवा म्हणून जेवणाची जागा आवळून दोनच काउंटर मांडायला लावलेत, तर लांब रांगेचं खापर आमच्यावर फोडू नका.

दुसरी मोठी गोष्ट वेळेची. मसालेभाताची हकिगत सांगतो म्हणजे कळेल. ३०० पानांच्या मेनूत पंधरा-सोळा किलो तांदळाचा मसालेभात एका मोठ्या टोपात होतो. फोडणी, भाज्या, आधण, त्यात तांदूळ वैरले की झाकण आणि शेवटी मंद आचेवर वाफ. सगळं मिळून तास धरा. १२.३५ च्या मुहूर्ताला अक्षता पडल्यावर दहा मिनिटांत पहिली रांग लागते, म्हणून आचारी साडेअकराला टोप चढवतो. उतरल्यावर तीस-चाळीस मिनिटं हा भात उत्तम असतो: शीत न् शीत मोकळं, तोंडलं अजून हिरवं. तासाभरानं वरचा थर सुकायला लागतो आणि तळचा ओला राहतो. दीड तासानं टोपाच्या स्वतःच्याच वजनानं खालची शितं मोडतात, झारा घातला की गोळे येतात. मग पाहुणे म्हणतात, "भात गिच्च होता हो." भात गिच्च नव्हता, नवरदेव मारुतीच्या देवळात होता आणि मित्रमंडळी बँडसमोर नाचत होती.

उशीर होणारच, लग्न आहे. आम्हाला तक्रार उशिराची नाही, तो न कळवण्याची आहे. "नवरदेव अजून मारुतीलाच आहे" एवढा एक निरोप साडेअकराच्या आत भटारखान्यात आला तर आचारी टोप चढवत नाही, आधण तयार ठेवून बसतो. मंगलाष्टकांना हौशी मावश्या किती आहेत हेसुद्धा कळवा. प्रत्येकीचं स्वतः रचलेलं असलं की वीस मिनिटं सहज जातात.

पुरीचं तर याहून नाजूक आहे. तळलेली पुरी पाच-सात मिनिटं फुगलेली राहते, डब्यात झाकून ठेवली की वातड होते. मोठ्या कढईत मिनिटाला पंधराएक पुऱ्या निघतात. ३०० माणसं, चार-चार पुऱ्या म्हणजे १२०० नग, एका कढईला ऐंशी मिनिटं. गर्दी असते पाऊण तासाची. म्हणजे कढया दोन, लाटणाऱ्या सहा-सात, तळणारे दोन. भाव पाडताना यातली एक कढई आणि चार माणसं हळूच गळतात, आणि पुऱ्या अकरा वाजल्यापासून तळून ठेवल्या जातात. चाखायला बोलावतात तेव्हा सहा जणांसाठी केलेली पुरी तुम्ही खाल्लेली असते. ती सगळ्यांचीच चांगली होते. केटरर निवडायचा तर त्याला विचारून दुसऱ्या कुणाच्या कार्यात दुपारी दोन वाजता जा आणि काउंटरवर तासभर राहिलेली भाजी आणि भात चाखा. परवानगी न देणाऱ्याकडे जाऊ नका.

भावाचं बोलू. पानामागे चाळीस रुपये कमी करून घेतले तर चारशे पानांना सोळा हजार होतात. ते हवेतून येत नाहीत. किराणा-भाजी-दूध मिळून पानाच्या भावाचा साधारण निम्मा भाग जातो, त्यात कात्री लागली तर तुपाच्या जागी वनस्पती तूप येतं, काजूचा तुकडा होतो, तळणीचं तेल दुसऱ्या कार्यातलं वापरलं जातं. (तळणीच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं वाढणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. "तेलाचा डबा आमच्यासमोर फोडा" म्हणणाऱ्या यजमानाचा आम्हाला राग येत नाही.) मजुरीत कात्री लागली तर वाढपी सोळाचे अकरा होतात. तेव्हा भाव कमी करायचा असेल तर उघडपणे पदार्थ कमी करा. चार गोडांच्या जागी दोन करा. चार गोडं ठेवली म्हणजे प्रत्येकाचं पाव प्रमाण करून भागत नाही. जो तो चारही चाखतो, मग प्रत्येक गोष्ट चाळीस टक्क्यांच्या पुढे करावी लागते आणि शेवटी चारही उरतात. चाट, पास्ता, चायनीजचे काउंटर मुलं उष्टं टाकण्यासाठीच असतात, हे आमचं मत. पटलं तर घ्या.

कुठला पदार्थ महाग, याचाही अंदाज यजमानांना बहुधा उलटा असतो. उकडीचे मोदक म्हणजे तांदूळ, नारळ, गूळ, काय एवढं? सराईत हातही तासाला चाळीस-पन्नासच्या पुढे जात नाही. तीनशेंना दोन-दोन म्हणजे सहाशे मोदक, ते तुपासोबत गरम वाढायचे, म्हणजे आदल्या दिवशी करून चालत नाही. सकाळी सहापासून चार बाया दुसरं काही न करता बसवाव्या लागतात. पुरणपोळी आणि फुलक्यांची गोष्ट हीच. माल स्वस्त, हात महाग. मे महिन्यात आमरस मागाल तर १०० वाट्यांना दहा किलो रस, म्हणजे सतरा-अठरा किलो आंबा, आणि तो रस बर्फात ठेवायची सोय. विदर्भात-खानदेशात दुपारच्या उन्हात उघड्या मांडवात ठेवलेला रस लवकर फसफसायला लागतो.

मजुरीवर आचारी लावणाऱ्यांसाठी, म्हणजे किराणा तुम्ही भरणार आणि तो रांधणार अशा घरांसाठी, वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, पुरी, कोशिंबीर, श्रीखंड, जिलेबी आणि मठ्ठा असा साधा मेनू धरून १०० पानांचं प्रमाण देतो. तूरडाळ अडीच ते तीन किलो, दोन्ही भात मिळून तांदूळ आठ-नऊ किलो, बटाटा आठ किलो, कोरडी मटकी तीन किलो, पुरीची कणीक दहा-अकरा किलो, जिलेबी पाच-सहा किलो, मठ्ठा बारा ते पंधरा लिटर, वाढायचं तूप पाऊण किलो. श्रीखंडाचं वर आलंच आहे. ज्या केटररनं भाव फारच कमी सांगितला त्याला हीच यादी पुढे करून "तुमचं प्रमाण सांगा" म्हणा. तांदूळ जुना घ्या. नवा तांदूळ कितीही नामी असो, मोठ्या टोपात चिकट होतो. भाजी आदल्या संध्याकाळी पोचती करा, सकाळी नाही. आणि आचाऱ्यानं यादीत लिहिलेलं जिरं अर्धा किलो "एवढं कशाला" म्हणून पाव करू नका. त्यातून वाचतं काय?

जागा दाखवायला यजमान आम्हाला स्टेजकडे नेतात. आम्हाला मोरी बघायची असते. शेतावरच्या, फार्महाउसच्या कार्यात तीन गोष्टी हमखास फसतात. पहिली पाणी. पिण्याला १०० पानांमागे वीस लिटरचे पाच-सहा जार, आणि रांधायला-धुवायला वेगळं, स्टीलची ताटं असतील तर टँकरच. बोअरचं पाणी जड असेल तर डाळ तासन् तास शिजत नाही, म्हणून एक वाटी डाळ त्या पाण्यात आधी शिजवून पाहा. दुसरी जमीन. शेगड्या आणि भरलेले टोप उतारावर राहत नाहीत, सपाट जागा आणि डोक्यावर पत्रा किंवा ताडपत्री हवी. तिसरा उजेड. रात्री अकराला भांडी घासायची जागा अंधारात असते. गॅस आमचा, १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर, ३०० पानांना तीन-चार. घरचा सिलिंडर देऊ करता ते प्रेमानं, पण तो अशा कामाला वापरणं नियमात बसत नाही. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये शेगडी पेटवायला बंदी असेल तर पहिल्याच फोनवर सांगा. मग पुरी मेनूतून जाते आणि बाहेरून आणून टिकतील असे पदार्थ येतात. थर्माकोलच्या ताट-वाट्या मागू नका. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि दंड आमच्या नावानं फाटतो.

माणूस एकच नेमा. नवरीचे वडील नकोत, त्यांना त्या दिवशी सतरा ठिकाणी बोलावणं असतं. एखादा शांत डोक्याचा चुलतभाऊ, नाहीतर आत्या. "काउंटर उघडा" तो सांगेल, "अजून वीस पानांचं बघा" तोच सांगेल, चिठ्ठीवर सही त्याचीच. काकांनी येऊन मठ्ठ्यात मीठ जास्त टाकायला सांगितलं, मामांनी येऊन साखर, तर आचारी दोघांचंही ऐकतो आणि मठ्ठा कुणालाच आवडत नाही. मुहूर्ताआधी जेवायला लागणारी माणसं असतात: मधुमेहाचे, गोळ्या घेणारे, लहान मुलं. त्यांची पंधरा-वीस पानं किती वाजता, ते हाच माणूस सांगेल. नैवेद्याचं पान लागणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, कारण ते कांदा-लसणाशिवाय आणि कुणी चव घ्यायच्या आधी काढावं लागतं. बारा वाजता मागितलं तर आचारी देतो, पण ते तसं निघालेलं असेलच असं नाही.

आणि विहिणीची पंगत. ही फार घरं विसरतात. नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईवडील, जवळची तीस-चाळीस माणसं शेवटी रांगोळी काढून, उखाणे घेत बसणार, घास भरवणार, त्याचा फोटो जन्मभर भिंतीवर राहणार. आणि त्या पानात पडतं काय? दोन तासांपूर्वीच्या पुऱ्या. ही पंगत आहे एवढं आधी सांगितलंत तर चाळीस पानांचं गोड फ्रीजमध्ये वेगळं राहतं, भाताचा लहान टोप शेवटी चढतो, कणकेचा गोळा झाकून ठेवलेला असतो. जास्तीचा खर्च जवळजवळ शून्य.

पैशाचं थोडक्यात. तारखेला इसार, माल भरायच्या आठ दिवस आधी निम्म्याहून जास्त, उरलेले ताटांची वजाबाकी झाल्यावर कार्यालय सोडायच्या आधी. दोन्हीकडच्यांनी खर्च वाटून घेतला असेल तर बिल कुणाच्या नावानं आणि वरची पानं कुणाकडे, हे आपसांत मिटवून मगच आमच्याशी बोला. आम्हाला व्याह्यांमध्ये उभं करू नका. जीएसटी भावात धरलाय की वर, ते विचारा. केटररला तो सर्वसाधारणपणे ५ टक्के लागतो. एफएसएसएआयच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांक कोटेशनवर आहे का बघा, नसेल तर मागा.

उरलेल्या अन्नावरून होणारी कटकट वेगळीच. पैसे भरलेत, म्हणजे उरलेलं तुमचं, यात वाद नाही. पण साडेबाराला शिजलेला भात चार वाजता डब्यात भरून रात्री गावी नेऊन गरम करून खाणं धोक्याचं आहे. मोठ्या टोपातला भात तासन् तास कोमट राहतो, त्यात शिजवूनही न मेलेले जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. अन्न ६० अंशांच्या वर गरम हवं नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड. मधल्या तापमानात ठेवून चालत नाही. म्हणून भात, ओल्या नारळाची चटणी, दह्याची कोशिंबीर, पनीर आम्ही बांधून देत नाही म्हटलं की रागावू नका. जिलेबी, लाडू, कोरडी चटणी, न तळलेले पापड खुशाल न्या. अन्न कुणाला द्यायचं असेल तर त्या संस्थेशी आदल्या दिवशी बोलून दोन वाजताच गाडी बोलवा, आणि काउंटरवर न आलेलं, झाकलेल्या टोपातलंच द्या. चार वाजता "कुणी येतंय का बघा" म्हणून फिरवलेले फोन उपयोगाचे नसतात.

भांड्याच्या मावशी सहा वाजेपर्यंत असतात. त्यांना आणि वाढप्यांना काही द्यायचं मनात असेल तर मुकादमाच्या हातात न देता त्यांच्याच हातात द्या.

कळावे, लोभ असावा.

आपले,
काही केटरर, आचारी आणि वाढपी

ता. क. तारीख पक्की झाली की मेनू ठरवायच्या आधी पंचांग उघडून त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी आहे का ते बघा. असेल तर शंभरात निदान दहा-पंधरा पानं उपवासाची धरा: साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. आदल्या रात्री आठवलं तरी चालेल, कारण साबुदाणा रात्री भिजवायचा असतो. सकाळी दहाला आठवलं तर केळी आणि वेफर्स.